कॉम्प्युटरातलं गाव

आमच्या सरांसमोर 'जुना गेम' हा शब्द जपून काढावा लागे.

"जुना म्हंजे काय?" ते विचारायचे. "दूध हाय का ते, नासाले? म्या काल खेळलो, आज खेळून राह्यलो. त्याचे राक्षस जागच्या जागी हायेत, दारं जागच्या जागी हायेत. जुनं तं आपन होऊन राह्यलो." एवढं बोलून ते कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे आणि पडद्याकडे वळायचे. विषय संपला, असं समजायचं.

सर म्हणजे मेहकरच्या बसस्टँडमागे टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवणारे सर. खाली कृषी केंद्र, त्यामुळे आमच्या क्लासला बारा महिने खताचा वास. पहिल्या खोलीत टाइपरायटर, दुसऱ्या खोलीत सहा कॉम्प्युटर. त्या जिन्यानं मी आधी विद्यार्थिनी म्हणून चढले, मग तीन वर्षं तिथंच शिकवलं, आणि आता एका शाळेत संगणक शिकवते. मला जे काही येतं त्यातलं निम्मं सरांनी दिलेलं आहे आणि उरलेलं निम्मं सरांशी भांडून मिळवलेलं आहे.

माणूस तऱ्हेवाईक, यात वाद नाही. प्रत्येक मॉनिटरला उशीचा अभ्रा. धूळ झाडायला दाढीचा ब्रश, आणि तो ब्रश कोणी दुसऱ्या कामाला घेतला की दिवसभर अबोला. माऊसला ते हात लावत नसत. दहा बोटं देवानं दिलीत ती एका बटणावर ठेवायला नाही, असं त्यांचं म्हणणं. राक्षसांशी लढतानासुद्धा ते टायपिंगच्या परीक्षेला बसल्यासारखे बसत. पाठ ताठ, मनगटं उचललेली, नजर समोर. समोर सहा हातांचा राक्षस आग ओकतोय आणि सर मिनिटाला चाळीस शब्दांच्या चालीनं त्याला हाणतायत, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

खेळ त्यांच्याकडे आला तो योगायोगानं. बुलढाण्याहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला, त्याच्या आत आधीच्या मालकाची सीडी राहून गेली होती. ना खोका, ना माहितीपुस्तक. आपण एक माणूस व्हायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, कोणाला काय उत्तर द्यायचं ते निवडायचं आणि मधूनमधून लढायचं, अशा जातीचा तो खेळ होता. सरांनी पत्त्यांपलीकडे कधी काही खेळलेलं नव्हतं. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी तो चार महिन्यांत पुरा केला, आणि पुरा झाल्यावर, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, त्यांना घरचं कोणी गावाला गेल्यासारखं वाटलं. मग त्यांना कळलं की त्याच सीडीत खेळ रचायची अवजारंही आहेत, आणि जगभरातले लोक ती वापरून आपापल्या मोहिमा रचतात आणि इंटरनेटवर फुकट ठेवतात. झालं. त्यानंतर सरांना आम्ही रिकामं बसलेलं कधी पाहिलं नाही.

मी त्यांच्याशी पहिलं भांडण यावरूनच केलं. "सर, या माणसांचे चेहरे विटेसारखे आहेत. नाक कुठं आणि तोंड कुठं ते कळत नाही. नवे गेम बघा, केसन् केस दिसतो."

"केस मोजाचे हायेत का तुले?"

"निदान कुठं जायचं ते तरी कळतं. बाण दाखवतो."

"बाण दाखवते तं मंग तू कायले हायेस? बाणालेच जाऊ दे." मग त्यांनी खणातून आलेखाची वही काढली. पानोपान नकाशे, पट्टी आणि कंपास घेऊन काढलेले. कुठली भिंत पोकळ, कुठल्या पुलाखाली कोण बसतो, सगळं टिपलेलं. "हे म्या चालून काढलं. मले झोपीतून उठोव, मी सांगतो डावीकडं कोनतं दार हाय. तुह्या त्या केसवाल्या खेळातलं एक गाव सांग बरं मले, कसं हाय ते?" मला एकही सांगता आलं नाही, आणि ते मला आजही मान्य करायला जड जातं.

पण प्रत्येक जुनी गोष्ट सोन्याची, असं मानणाऱ्यांतले ते नव्हते. लोकांनी रचलेल्या मोहिमांना ते टायपिंगच्या पेपरासारखे तपासत. शंभरपैकी गुण, चुकीला अर्धा कट, खाली शेरा. त्या वहीतले शेरे मला पाठ आहेत. 'पहिल्याच खोलीत चाळीस राक्षस. करणाऱ्याचं वय चौदाच्या आत. नापास.' 'राजकन्या सोडवली, पण तिला कोणी विचारलं नाही. एकतीस.' 'थडग्यावरचा मजकूर उत्तम. एका म्हाताऱ्या कुत्र्यासाठी पूर्ण गाव थांबतं. ब्याऐंशी, आणि मी उठून पाणी प्यालो.' निम्म्याहून जास्त मोहिमा त्यांनी नापासच केल्या. तरी कंपनीच्या खेळापेक्षा त्यांना याच प्रिय होत्या. म्हणायचे, "कंपनी खेळ इकासाठी करते. हे लोक सांगासाठी करते. सांगता येत नाही बिचाऱ्यायले, तरी सांगून राह्यले."

या खेळांनी त्यांना इंग्रजी शिकवलं, पण ते शूरवीरांचं. क्लासची लाइट दोन दिवस गेली तेव्हा त्यांनी वीज कार्यालयाला इंग्रजीत अर्ज लिहिला. त्यात साहेबाला सिंहासनावरच्या महाराजांसारखं संबोधून, आमच्या दालनात अंधार पसरला आहे तरी आपण आपली कृपादृष्टी वळवावी, अशी याचना होती. साहेबानं तो सगळ्या ऑफिसला वाचून दाखवला म्हणे, आणि हसत हसत का होईना, संध्याकाळच्या आत लाइनमन पाठवला. सरांना यात हसण्यासारखं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मग त्यांनी स्वतः रचायला घेतलं. अडचण अशी की त्या खेळाला मराठी येत नव्हती. सर टायपिंगवाले. त्यांनी काय करावं, तर खेळाच्या आतला इंग्रजी अक्षरांचा तक्ता शोधून काढला आणि एकेका अक्षराच्या जागी मराठी टाइपरायटरच्या त्या-त्या बटणाचा तुकडा, ठिपका ठिपका मांडून, चित्र म्हणून बसवला. काना वेगळा, मात्रा वेगळी, अर्धा स वेगळा. एक अख्खा उन्हाळा त्यात गेला. त्यानंतर ते टाइपरायटरवर बडवावं तसं बडवायचे. खेळ समजायचा की कोणीतरी अर्थहीन इंग्रजी लिहितंय, आणि पडद्यावर उमटायचं वऱ्हाडी. मोठमोठ्या शहरांत मोठमोठे पगार घेणाऱ्यांना हे सुचलं नसतं, असं मी अजूनही छाती पुढं काढून सांगते.

पहिली मोहीम छोटी होती, रोहिणखेडच्या जुन्या मशिदीवरून बेतलेली. ती त्यांनी इंटरनेटवर टाकली आणि तो अक्षरांचा तक्ता जोडायलाच विसरले. पाठ ताठ ठेवणाऱ्या माणसाला आपल्या पडद्यावर दिसतं ते जगालाही दिसत असणार, असंच वाटलं. परदेशातल्या लोकांना नुसता अक्षरांचा काला दिसला. पण त्यांना वाटलं, ही गुप्त लिपी आहे आणि ती सोडवणं हाच खेळ आहे. दोन महिने चार-पाच जण वह्या घेऊन ती लिपी सोडवत बसले. सरांना कळल्यावर त्यांनी तक्ता पाठवला, खाली माफी मागितली. इंग्रजीत का करत नाही, असं कोणीतरी विचारलं तेव्हा मात्र ताठ उत्तर दिलं, की मी तुमची भाषा शब्दकोश घेऊन वाचली, तुम्हीही बसा. त्यातल्या एकानं खरंच शब्दकोश मागवला.

मोठी मोहीम नऊ वर्षं चालली. त्यात सरांचं गाव होतं. मोताळा तालुक्यातलं, फार मोठं नव्हे. योगायोग असा की तेच माझ्या आईचं माहेर. म्हणजे गावाच्या नात्यानं सर माझे मामा, पण आम्ही एकमेकांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणत राहिलो. खेळाच्या अवजारांत सगळी चित्रं थंड मुलखातली, त्यामुळे गावाला किल्ल्याचे बुरूज होते, बाभळीच्या जागी टोकदार झाडं होती आणि जमिनीवर बारमाही बर्फ. मी विचारलं, सर, आपल्याकडे बर्फ? ते म्हणाले, "तो कापूस हाय. ध्यान देऊन पाह्यलं तं कापूसच दिसते." मी ध्यान देऊन पाहिलं. तेव्हापासून मला तिथं कापूसच दिसतो.

त्या गावात शंभरावर माणसं होती आणि प्रत्येकाला बोलायला काहीतरी होतं. ते बोलणं पूर्ण वाचायचं, हा सरांचा एकच कडक नियम. एंटर दाबून पुढं पळणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास नसे. त्यांच्या पुतणीला पाहायला मुलगा आला, तेव्हा चहा-पोह्यांनंतर सरांनी त्याला घरून क्लासमध्ये आणून खेळापुढं बसवलं. खेळातली एक म्हातारी आपल्या हरवलेल्या बकरीची गोष्ट सांगते. मुलानं दोन ओळींत एंटर हाणला. सरांनी घरी जाऊन भावाला सांगितलं, "नको करू. म्हाताऱ्या बाईचं आयकून घेत नाही तो." भावानं हसण्यावारी नेलं आणि लग्न लावलं. आज ती मुलगी सुखात आहे, जावई सासूला दवाखान्यात स्वतः घेऊन जातो. सरांनी चूक कबूल केली, तीही आपल्या पद्धतीनं. खेळात त्यांनी एक नवा माणूस घातला, जो कोणाचंच पूर्ण ऐकत नाही आणि सगळ्यांच्या मदतीला सगळ्यात आधी धावतो.

दोन वर्षांपूर्वी क्लास बंद करायचं ठरलं. डिसेंबरअखेर जागा सोडायची होती, सर मुलीकडे नागपूरला जाणार होते, आणि मोहीम पुरी झालेली नव्हती. अपुरा खेळ मी कोनाले देत नाही, असं ते आधीपासून म्हणत. ज्या कॉम्प्युटरवर ती अवजारं चालत तो इतका म्हातारा झाला होता की नागपूरपर्यंतचा प्रवास त्याला सोसेल याची खात्री नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला बोलावलं. "मॅडम, एकदा खेळून पाहा. शेवट सोडून सारं झालं हाय."

खेळाच्या सुरुवातीला दोन दारं होती. एक गावातल्या घराचं, एक गावाबाहेरच्या वस्तीतल्या घराचं. मी सहज, काही विचार न करता, गावातलं दार उघडलं. पंधरा दिवस दुपारभर खेळले. काय सांगू, इतकी मजा मला कुठल्याच खेळात आली नाही. शिवाराबाहेर राक्षस होते, ते मारले. गावातले लोक बोलवून बोलवून गोष्टी सांगत. एका ओसरीवर धोतरातला एक म्हातारा बसलेला असायचा. दिसला की म्हणायचा, "आधी खा, मंग बोल," आणि तळहातावर शेंगदाणे चोळून, फोलपटं फुंकून, आपल्या ओंजळीत द्यायचा. मी खुर्चीतच सरळ झाले. तो माझा आजा होता, आईचे वडील. मी सहा वर्षांची असताना ते गेले, पण ती फुंकर मी कशी विसरेन? सरांनी माझ्या आज्याला जिवंत ठेवलं म्हणून मला इतका अभिमान वाटला की मी घरी जाऊन आईला सांगितलं.

"लय मस्त, सर," मी म्हटलं.

"अर्धा झाला," सर म्हणाले. "आता दुसऱ्या दारातून."

दुसऱ्या दारातून निघालं तर तेच गाव, तीच माणसं, तोच कापूस. बोलणी तेवढी वेगळी. वाणी सामान हातात देत नव्हता, पायरीवर ठेवत होता. म्हातारी बकरीची गोष्ट सांगत होती, पण दाराआडून. आणि त्या वाटेवर राक्षस एकही नव्हता. मी सरांना विचारलं तर ते म्हणाले, "इकडून गरजच नाही पडत." मी ओसरीपर्यंत पोचले. आज्यानं मला पाहिलं. तेच प्रेमळ तोंड. "आधी खा, मंग बोल." शेंगदाणे पळसाच्या पानावर, खालच्या पायरीवर. मग म्हणाला, हात पुढं कर. मी केला. त्यानं वरून, अंतर राखून, ओंजळीत पाणी ओतलं.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि सरळ घरी आले. आठवडाभर गेले नाही. ताप आलाय असं कळवलं. खरं तर मला राग आला होता, आणि राग कोणाचा हे ठरत नव्हतं. आठव्या दिवशी गेले ती भांडायलाच.

"माझ्या आज्याला असं का दाखवलंत?"

सर मॉनिटरवरचा अभ्रा घडी करत होते. ती घडी पुरी करून ते बोलले. "मले शाळेत नेनारा तोच. माह्या बापाले टाइम नव्हता. तुह्या आज्यानं हात धरून नेलं अन् मास्तरले म्हनला, हे पोट्टं हुशार हाय, याले समोर बसव. त्याच दिवशी, वापस येता येता, ओसरीवर पानी वरून देल्लं. म्या दोन्ही लिहिलं. त्यातलं एक खोडाचं म्हनतेस तं खोडतो. सांग, कोनतं खोडू?"

मी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

मग त्यांनी मला शेवट दाखवला. वस्तीतला मुलगा शिकून मास्तर होतो, वर्षांनी गावात येतो, ओसरी चढतो आणि म्हाताऱ्याला म्हणतो, तांब्या माझ्या हातात द्या. त्यापुढं पडदा रिकामा होता.

"खरंच असं झालं होतं?"

"नाही. म्या गेलोच नाही कधी तांब्या मांगाले. आज जातो, उद्या जातो. मंग तोच गेला." त्यांनी रिकाम्या पडद्याकडे बोट दाखवलं. "तीन वर्षं झाले, मले याच्यापुढं जाताच येऊन नाही राह्यलं. शिवी लिहिली तं खोटं वाटते. गळ्यात पडला असं लिहिलं तं त्याच्याहून खोटं. मी त्याच्या घरातला नाही. तू हायेस. तू लिही."

मला तेव्हा समजलं की नऊ वर्षांचं काम आता माझ्या चार ओळींवर अडून आहे. सरांना जगाच्या टाळ्या नको होत्या. त्यांना जे विचारायचं राहून गेलं, त्याचं उत्तर हवं होतं, आणि ते खरं हवं होतं.

मी कागदावर लिहिलं. पहिल्या खेपेला आजा रडला, त्यानं हात जोडले, माफी मागितली. सरांनी वाचलं आणि वर लाल पेनानं शून्य काढलं. मी चिडून दुसऱ्या खेपेला त्याला ओरडायला लावलं, पायरीवरून हाकलायला लावलं. "भाषा बरी हाय. पन हा तुहा आजा नाही. कोनी दुसराच पकडून आनला तू." तिसऱ्या खेपेला मी आज्याला गप्प ठेवलं. तो उठतो, तांब्या मुलासमोर सरकवतो आणि घरात निघून जातो. सरांनी ते दोनदा वाचलं.

"हे होऊ शकते. पन असंच झालं असतं का?"

"मला काय माहीत, सर? मी सहा वर्षांची होते."

"मंग कोनाले माहीत?"

त्याचं उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. घरी आई तूर निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, दोन्ही दारं, पळसाचं पान, वरून ओतलेलं पाणी. ती निवडत राहिली. एकदाही 'असं नव्हतं' म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर बाहेर जायचं लुगडं नेसून तयार. "चाल," म्हणाली. गुडघ्यांनी तो जिना तिनं तीनदा थांबून चढला.

"या ताई," सर उठून उभे राहिले. दोघं एका शाळेत, एका वर्गात होते. आईनं मान हलवली आणि त्यांनी पुढं केलेल्या खुर्चीत बसली.

सरांनी तिला वस्तीच्या दारातून गाव फिरवलं. तिला पडद्यावरचं बारीक दिसत नव्हतं, म्हणून एकेक बोलणं ते वाचून दाखवत. हे पांढरं काय, तिनं विचारलं. कापूस, ते म्हणाले, आणि तिनं लगेच मानलं. निंबाचं झाड जागेवरून ओळखलं, वाण्याचं दुकान ओळखलं. ओसरीवर वडिलांना पाहिलं तेव्हा पदराचं टोक मुठीत धरलं. सरांनी शेवटची माझी ओळ वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"ताई, खरं सांगजा. मले वाईट नाही वाटनार."

आईनं मुठीतला पदर सोडला.

"बाबानं तांब्या सरकवला असता," ती म्हणाली. "हाव. तुमाले नाही म्हनाले त्यायची जीभ उचलली नसती. पन आधी मांगं-पुढं पाह्यलं असतं, कोनी पाहून तं नाही राह्यलं." मग ती सरांकडे वळली. "अन् तुमी गेल्यावर तांब्या राखेनं घासला असता. पन सोता घासला असता. आईले सांगतलं नसतं."

मला वाटलं, सर दुखावले जातील. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही, पण दुखणं ते नव्हतं. फार दिवस शोधलेलं घर सापडल्यावर माणूस दारातच उभा राहतो, तसे ते बसून राहिले. "हेच," ते हळूच म्हणाले. "हाच तो. याले म्या तीन वर्षं धुंडलं." आणि पाठ ताठ करून, मनगटं उचलून, त्यांनी टाइप करायला घेतलं. मान वळवून मागं पाहणारा आजा. चुलीजवळ एकटा बसून तांब्या घासणारा आजा. आईचे शब्द होते तसे, एकही इकडचा तिकडं न करता.

मी मागं उभी होते. मला सरांचा अभिमान नेहमीच होता, पण त्या दुपारी मला माझ्या आईचा अभिमान वाटला, तिच्या बापाला तिनं लपवलं नाही याचा. आणि ज्या खेळाला मी विटेच्या चेहऱ्यांचा म्हणून हसले होते, त्यात माझा आजा जसा होता तसा बसला होता. जगातल्या कुठल्याही नव्या, चकचकीत खेळात तो मला असा भेटला नसता.

मी क्लासमध्ये शिकवत होते त्या तीन वर्षांत आई दोनदा तिथं येऊन गेली होती. दोन्ही वेळा सरांनी पाणी विचारलं होतं आणि दोन्ही वेळा ती म्हणाली होती, नको, आताच पेऊन आली. मला त्यात कधीच काही वावगं दिसलं नव्हतं. ते मला तेव्हा, तिच्या खुर्चीमागं उभी असताना, पहिल्यांदा आठवलं. आठवलं, कारण आई बोलली.

"सर, पानी द्या जरा."

सरांची बोटं थांबली नाहीत. "थांबा ताई," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "आधी एवढं सेव करू द्या."

आई थांबली.